सनचा जुना मॉनिटर आणि डेबियन: एकाच वारंवारतेवर चालणारा पडदा कसा जागा करायचा?

रेघोटी | शनिवार, सकाळी १०:१२

नमस्कार मंडळी. १९९४ ते ९९ मी पुण्यात एका नकाशे डिजिटाइज करणाऱ्या ऑफिसात होते. समोर सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीचं वर्कस्टेशन आणि १९ इंची मॉनिटर. ते ऑफिस आता बंद झालं आणि सामान निघताना तो मॉनिटर मी मागून घेतला. दोन माणसं लागली जिना चढवायला.

घरी डेबियन लिनक्स असलेला पीसी आहे, त्यात व्हीजीए पोर्टवालं जुनं रेडिऑन कार्ड. मॉनिटरच्या मागे तो तीन जाड नळ्या आणि दहा बारीक पिनांचा १३डब्ल्यू३ जोड. भाच्याने कुठूनतरी १३डब्ल्यू३ ते व्हीजीए अशी केबल आणली. लावलं, चालू केलं. पडद्यावर तिरक्या फाटलेल्या रेघा आणि आतून बारीक चिरका आवाज. घाबरून बंद केलं.

भाचा म्हणतो हा "फिक्स्ड फ्रिक्वेन्सी" आहे, लिनक्सवर चालणार नाही. मला तो चालायला हवा आहे. जाणकारांनी कृपया सांगावं, काही मार्ग आहे का?

---

निमूटवाचक | १०:३१

वाचनखूण साठवली. विषय भन्नाट.

---

चिमटा_मीटर | १०:४०

रेघोटीताई, बंद केलंत ते फार बरं केलंत. आधी ती केबल काढून ठेवा, मग पुढचं वाचा.

मी २२ वर्षं टीव्ही आणि मॉनिटर दुरुस्त केले. तो चिरका आवाज म्हणजे लाइन आउटपुटचा, म्हणजे आडव्या ओळी काढणारा भाग चुकीच्या वेगाने धावतोय. सनचे त्या काळातले मॉनिटर साधारण ६१.८ किलोहर्ट्झ आडव्या वारंवारतेवर (सेकंदाला किती ओळी काढायच्या तो वेग) चालायचे, काही ७१.७ वर, काही दोन्हींवर. तुमच्या पीसीने पाठवलं असणार १०२४ गुणिले ७६८, ६० हर्ट्झ. त्याची आडवी वारंवारता ४८.४.

कमी वारंवारता जास्त घातक, हे लक्षात ठेवा. ट्रान्झिस्टर जितका जास्त वेळ चालू राहतो तितका योकमधला (ट्यूबच्या मानेवरच्या कॉइलमधला) करंट चढत जातो, आणि तो बंद होताना बसणारा व्होल्टेजचा फटकाही तितकाच मोठा. मग लाइन आउटपुट ट्रान्झिस्टर जातो, नशीब वाईट असेल तर एलओटीही (लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर). त्या मॉनिटरची एलओटी आज बाजारात शोधून मिळणार नाही.

आणि मागचं झाकण उघडू नका. पिक्चर ट्यूबच्या अ‍ॅनोडवर २५ हजार व्होल्टच्या आसपास असतात आणि बंद केल्यावरही ते बराच काळ टिकतात.

---

सरळमार्गी | १०:५५

ताई, एवढा व्याप कशाला? सेकंडहँड एलसीडी दीड-दोन हजारात मिळतो. वीज कमी, जागा कमी, डोळ्यांना त्रास नाही. हा ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राला द्या. ट्यूबच्या काचेत शिसं असतं, भंगारवाल्याला मात्र देऊ नका.

---

रेघोटी | ११:२०

सरळमार्गी, एलसीडी आहे घरात. शिशाचं सांगितलंत ते बरं केलंत, ते माहीत नव्हतं.

पण हा मॉनिटर मला वापरायचा आहे. एका पिक्सेलच्या रेघेवर काम करायचे मी, नदीचा काठ, पायवाट, गावाची हद्द. त्या पडद्यावर काळ्या जमिनीवर हिरवी रेघ जशी दिसायची तशी मला नंतर कुठल्याच पडद्यावर दिसली नाही. मी अजूनही ओपनस्ट्रीटमॅपसाठी आमच्या तालुक्यातल्या वाड्यावस्त्या काढते. ते काम या पडद्यावर करायचं आहे, एवढंच.

चिमटा_मीटर, केबल काढली.

---

एकआणेवारी | ११:३४

अज्ञानातून विचारतो. आमचे जुने सीआरटी कुठलंही रिझोल्यूशन घ्यायचे. मग हाच असा हट्टी का?

---

चिमटा_मीटर | ११:५८

चांगला प्रश्न. झोपाळा डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक झोपाळ्याची एक लय असते आणि त्या लयीत ढकललं तरच तो नीट चालतो. मॉनिटरचा आडवा स्कॅन म्हणजे तसाच झोपाळा: योकचं कॉइल, एक कपॅसिटर आणि ठरलेला पुरवठा. तुमचे मल्टिसिंक मॉनिटर आलेली वारंवारता ओळखून रिलेने कपॅसिटर बदलतात, पुरवठ्याचं व्होल्टेज बदलतात. म्हणजे दोरीची लांबी बदलणारा झोपाळा. तो जास्तीचा सगळा भाग महाग होता. वर्कस्टेशनवाल्यांना त्याची गरजच नव्हती, कारण मशीन त्यांचं, कार्ड त्यांचं, मॉनिटरही त्यांचाच. एकच लय ठरवली आणि त्या लयीसाठी उत्तम माल घातला. म्हणून तर चित्र इतकं धारदार.

---

सनीवेलकर | दुपारी १२:१५

इथे रात्रीचे पावणेबारा वाजलेत, पण हा धागा बघून झोप उडाली. मी कॅलिफोर्नियात असतो. इथे विअर्ड स्टफ वेअरहाऊस नावाचं जुन्या सामानाचं प्रचंड दुकान होतं, २०१८ मध्ये बंद झालं. तिथे असे मॉनिटर रांगेने मांडलेले असायचे.

सनच्या पडद्याचा ११५२ गुणिले ९०० पिक्सेल हा विचित्र आकडा कुठून आला ते सांगतो. गुणाकार करा: १०,३६,८००. एक मेगाबाइट म्हणजे १०,४८,५७६. एका पिक्सेलला एक बाइट धरला तर २५६ रंगांचा पूर्ण पडदा एक मेगाबाइट मेमरीत बसतो आणि जेमतेम बारा हजार बाइट उरतात. मेमरी सोन्याच्या भावाची होती तेव्हा, एकेक बाइट कामाला लावलेला.

रेघोटी, एक महत्त्वाचं. १३डब्ल्यू३ हा फक्त जोडाचा आकार. सन, सिलिकॉन ग्राफिक्स आणि आयबीएम यांनी तोच जोड वापरला, पण बारीक पिनांची मांडणी प्रत्येकाची वेगळी. लाल, हिरवा, निळा जाड नळ्यांतून जातात, त्यात अडचण नाही. घोळ होतो तो सिंकमध्ये, म्हणजे प्रत्येक ओळ आणि पडदा कधी सुरू करायचा ते सांगणाऱ्या इशाऱ्यात. सनमध्ये कम्पोझिट सिंक (आडवं आणि उभं एकाच तारेत) ५ नंबरच्या पिनवर असतं. तुमची केबल सिलिकॉन ग्राफिक्सची असेल तर मॉनिटरपर्यंत सिंक पोचतच नसेल. मीटरने आधी ते तपासा.

---

इनिटराम | १:०५

आता लिनक्सची बाजू मी घेतो. ताई, भाच्याला सांगा, लिनक्सवर नक्की चालतो. मोडलाइनचा, म्हणजे पडद्याचं वेळापत्रक ठरवणाऱ्या ओळीचा, एकेक आकडा आपल्या हातात असतो, म्हणून हे काम लिनक्सवर उलट सोपं जातं.

अडचण अशी की हे मॉनिटर स्वतःबद्दल काही सांगत नाहीत. पुढच्या काळातले मॉनिटर केबलमधून १२८ बाइटांचं ओळखपत्र पाठवतात, त्याला एडिड म्हणतात. ते मिळालं नाही की कर्नल (लिनक्सचा गाभा) अंदाजाने १०२४ गुणिले ७६८ वगैरे धरतो. तुमच्याकडे नेमकं हेच झालं.

सनच्या ६६ हर्ट्झ पडद्यासाठी मोडलाइन अशी:

९२.९४ ११५२ ११९२ १३२० १५०४ ९०० ९०२ ९०६ ९३७

पहिला आकडा पिक्सेल क्लॉक, मेगाहर्ट्झमध्ये. पुढचे चार आडवे: दिसणारे पिक्सेल, सिंक सुरू, सिंक संपलं, एकूण. शेवटचे चार तसेच, पण उभे. आता भागाकार करून खात्री करा. ९२.९४ मेगाहर्ट्झ भागिले १५०४ म्हणजे ६१.७९५ किलोहर्ट्झ. त्याला ९३७ ने भागा, ६५.९५ हर्ट्झ. बसलं.

७६ हर्ट्झवाल्यासाठी:

१०५.५६ ११५२ ११६८ १२६४ १४७२ ९०० ९०२ ९१० ९४३

म्हणजे ७१.७१ किलोहर्ट्झ आणि ७६.०५ हर्ट्झ.

सीव्हीटी किंवा जीटीएफ या आज्ञांनी काढलेली मोडलाइन इथे वापरू नका. त्या आपल्या सूत्राने एकूण पिक्सेल ठरवतात आणि आडवी वारंवारता भलतीच येते. इथे आडवी वारंवारता आधी ठरवायची, बाकीचे आकडे तिच्यामागून.

---

गणपुले_वाडा | १:२२

पण तिचा मॉनिटर ६६ चा की ७६ चा, हे कळणार कसं? मागच्या लेबलवर तर फक्त व्होल्ट आणि अँपिअर असतात.

---

सनीवेलकर | १:३०

६६ आधी लावून बघा, जुने बहुतेक तेच.

---

चिमटा_मीटर | १:४१

सनीवेलकर, इथे मी असहमत. ७१.७ च्या मॉनिटरला ६१.८ देणं म्हणजे कमी वारंवारता देणं, आणि वर तेच टाळायला सांगितलं. अंदाजच करायचा असेल तर ७६ आधी. जास्त वारंवारतेला चित्र पकडणार नाही किंवा अरुंद येईल, पण ट्रान्झिस्टरवरचा ताण तुलनेने कमी.

त्याहून चांगलं म्हणजे अंदाज करूच नये, मोजावं. सिग्नल नसतानाही यातले बरेच मॉनिटर आपल्या लयीच्या जवळपास स्वतःहून धावत असतात. ऑसिलोस्कोपचा प्रोब पडद्यासमोर नुसता हवेत धरला तरी ती लहर दिसते.

---

मध्यमलहरी | २:१०

स्कोप नसेल तर रेडिओ घ्या!

गंमत नाही, मी हे केलं आहे. मॉनिटरची आडवी वारंवारता आणि तिच्या पटी मीडियम वेव्हवर घरघर म्हणून ऐकू येतात. मॉनिटरची केबल काढलेली, मॉनिटर चालू, ट्रान्झिस्टर रेडिओ हातभर अंतरावर. काटा हळूहळू सरकवा आणि जिथे घरघर सर्वात जोरात, ती जागा लिहून ठेवा. दोन शेजारच्या घरघरींमधलं अंतर म्हणजेच मॉनिटरची आडवी वारंवारता.

६१.८ असेल तर ६१८, ६८०, ७४२, ८०३ च्या आसपास. ७१.७ असेल तर ५७४, ६४५, ७१७, ७८९. पुण्यात असाल तर आकाशवाणीचं ७९२ ही डायलवरची पक्की खूण. घरघर ७९२ ला अगदी खालून चिकटली असेल तर ७१.७ चा संशय घ्या, थोडी वर सरकलेली असेल तर ६१.८ चा. सिंकशिवाय मॉनिटर थोडा इकडेतिकडे धावतो, त्यामुळे एका जागेवर विसंबू नका. चार-पाच जागा नोंदवा आणि सरासरी अंतर काढा.

---

एकआणेवारी | २:१४

मध्यमलहरी, दंडवत घ्या. नऊ वर्षं या संस्थळावर आहे, इतका सुंदर प्रतिसाद वाचला नव्हता.

---

तांब्याची_तार | ३:०२

+१. आता सिंकचं बघू.

रेडिऑनच्या व्हीजीए पोर्टातून आडवं आणि उभं सिंक वेगवेगळं येतं, १३ आणि १४ नंबरच्या पिनांवर. सनला दोन्ही एकाच तारेत हवं. मॅट्रॉक्सचं जुनं कार्ड असतं तर काम कार्डच करतं: मॅट्रॉक्सएफबी या त्याच्या ड्रायव्हरच्या सिंक पर्यायात ८ दिले की कम्पोझिट, त्यात आणखी ३२ मिळवले की सिंक हिरव्या रंगावर. तुमच्याकडे ते नाही, म्हणून एक छोटं सर्किट करा.

७४८६ नावाची आयसी घ्या, तिच्यात चार एक्सऑर गेट असतात (दोन इनपुटं वेगळी असतील तरच आउटपुट एक). बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळेल. एका गेटच्या दोन इनपुटांना आडवं आणि उभं सिंक, आउटपुट थेट सनच्या ५ नंबरच्या पिनवर. मोडलाइनच्या शेवटी आडवं सिंक धन आणि उभं सिंक ऋण ठेवा. म्हणजे एकाच गेटमधून ऋण कम्पोझिट सिंक तयार होऊन बाहेर पडतं, उलटवायला दुसरं गेट लागत नाही. कागदावर शून्य-एक मांडून पाहा, पटेल.

पाच व्होल्ट यूएसबीतून घ्या. न वापरलेल्या गेटांची इनपुटं ग्राउंडला. आयसीच्या पायांजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. जमीन सगळ्यांची एक.

---

कोल्हापुरी_ठसका | ३:२०

अवांतर: आमच्या कॉलेजात हर्क्युलस कार्डाचे पिवळसर मॉनिटर होते. त्यांची आडवी वारंवारता १८.४३ किलोहर्ट्झ. एका पठ्ठ्याने प्रोग्रॅम लिहून कार्डाचे रजिस्टर भलतेच भरले आणि पाच मिनिटांत मॉनिटरमधून जळका वास. सरांनी सगळ्या वर्गाला बोलावून तो वास हुंगायला लावला. तो तास मी विसरलो नाही. त्यामुळे चिमटा_मीटर सांगतात ते शब्दशः घ्या.

---

नाणंटाकू | ३:४४

अवांतरात भर. गेम पार्लरमधली मशीनं याच जातीची, १५ किलोहर्ट्झवाली. ग्रूव्हीआर्केड नावाचं लिनक्स खास त्यांच्यासाठी आहे. कर्नलपासूनच १५ किलोहर्ट्झ देतं, त्यामुळे मशीन सुरू होताना मॉनिटरला त्रास कमी. रेघोटीताईंच्या कामाचं नाही, पण आडवी वारंवारता आधी ठरवायची, ही विचाराची दिशा तीच.

---

गणपुले_वाडा | ४:०५

मूळ धाग्याकडे येतो. समजा मोडलाइन जमली. पण पीसी सुरू होताना बायोसचा पडदा, ग्रबचा (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा) मेनू, ते सगळं तर ३१.५ किलोहर्ट्झवर येणार. ६१.८ च्या निम्मं! तेव्हा मॉनिटरचं काय?

---

इनिटराम | ४:४८

खरा पेच हाच आहे, आणि त्याला मी तीन थर लावतो.

बायोस आणि ग्रबचा पडदा दाखवायचाच नाही. मॉनिटर वेगळ्या बटणाच्या बोर्डवर ठेवा आणि लॉगिनचा पडदा आल्यावरच चालू करा. आधी साध्या एलसीडीवर सगळं बसवून घ्या, एसएसएच चालू ठेवा, म्हणजे पुढे काही अडलं तर दुसऱ्या मशीनवरून आत जाता येईल.

कर्नल सुरू झाल्यावर मात्र सगळं आपल्या ताब्यात. वर दिलेली मोडलाइन घालून १२८ बाइटांची एडिड फाइल बनवा, फर्मवेअरच्या फोल्डरात एडिड नावाच्या फोल्डरमध्ये टाका आणि ग्रबच्या कर्नल ओळीत डीआरएमच्या (कर्नलमधल्या ग्राफिक्स विभागाच्या) एडिड-फर्मवेअर पर्यायाला तिचं नाव द्या. सोबत व्हिडिओ पर्यायात पोर्टचं नाव आणि शेवटी ई, म्हणजे मॉनिटर ओळख देवो न देवो, पोर्ट चालूच. रेडिऑनचा ड्रायव्हर लवकर लोड होतो, त्यामुळे फाइल इनिटरामएफएसमध्येही (सुरुवातीलाच लोड होणाऱ्या छोट्या फाइल-संचात) गेली पाहिजे. माझ्या नावाची शपथ, लोक इथेच चुकतात. हे झालं की अक्षरांचा कन्सोलही ११५२ गुणिले ९०० वर येतो. पूर्वी कन्सोलवर उडी मारली की कार्ड ३१.५ वर परतायचं. २००९ च्या सुमारास मोड बदलण्याचं काम कर्नलमध्ये आलं आणि ती धास्ती गेली.

तिसरं, पडदा झोपवण्याची सोय बंद करा. ती सोय, म्हणजे डीपीएमएस, सिंक थांबवते आणि हा मॉनिटर झोपायला शिकलेलाच नाही, तो मोकाट धावत राहतो. पडदा काळा करणं चालेल, सिंक सुरू राहिलं पाहिजे. उठताना बटण बंद.

---

वेलांटी | ५:३०

वेलँडवर (एक्सच्या जागी आलेल्या नव्या पडदा-व्यवस्थेवर) आहे का कोणी? तिथे एक्सरँडआर या आज्ञेने नवीन मोड घालता येत नाही.

---

इनिटराम | ५:३६

एडिड फाइल कर्नलमध्ये दिली की वेलँड आहे की एक्स, याने फरक पडत नाही. स्वे या वेलँडवरच्या डेस्कटॉपमध्ये तर आउटपुटपुढे मोडलाइन सरळ लिहिताही येते.

---

सरळमार्गी | ५:५०

सकाळी मी एलसीडी घ्या म्हणालो होतो. दिवसभर हा धागा वाचतोय आणि मत बदललं आहे. रेघोटीताई, चालवाच हा मॉनिटर. आणि ते रेडिऑन कार्ड जपून ठेवा. एएमडीने २०१३ च्या आर९ २९० पासून आणि एनव्हिडियाने २०१६ च्या पिढीपासून आपल्या वरच्या कार्डांतून अ‍ॅनालॉग आउटपुट काढून टाकलं.

---

रेघोटी | बुधवार, रात्री ९:१५

मंडळी, चार दिवस गायब होते. क्रमाने सांगते.

रविवारी रेडिओ लावला. घरघर सापडली ६१०, ६७२, ७३२ आणि ७९३ ला, शेवटची तर आकाशवाणीवरच बसलेली. पहिली ते शेवटची अंतर १८३, भागिले तीन, म्हणजे ६१. मोकाट धावताना थोडा हळू, पण ७१ नक्की नाही. एका जागेवर विसंबू नका म्हणालात ते किती खरं! नुसतं ७९२ बघितलं असतं तर मी ७१.७ धरून बसले असते.

सोमवारी केबल मीटरने तपासली. सनीवेलकर बरोबर, ५ नंबरच्या पिनला काहीच जोडलेलं नव्हतं. बुधवार पेठेतून ७४८६ आणली. भाच्याने सर्किट केलं. "लिनक्सवर चालणार नाही" म्हणणारा तोच, आणि रात्री दीडपर्यंत सोल्डर करत बसला.

काल एलसीडीवर एडिड बसवली. इनिटरामएफएसमध्ये टाकायला विसरलो होतो, ते तुमच्या शपथेमुळे आठवलं. आज संध्याकाळी लॉगिनचा आवाज आल्यावर मॉनिटरचं बटण दाबलं. पाच-सहा सेकंद काळोख. मग उजेड वाढत गेला आणि चित्र आलं. चिरका आवाज नाही.

दोन अडचणी उरल्या आहेत. चित्र बोटभर डावीकडे सरकलं आहे, आणि वरच्या काही ओळी किंचित वाकतात. शिवाय पांढऱ्या पडद्यावर दोन केसासारख्या बारीक आडव्या रेषा दिसतात. ट्यूब खराब तर नाही ना?

---

चिमटा_मीटर | ९:२८

ताई, मनापासून अभिनंदन!

त्या दोन रेषा म्हणजे ट्यूब ट्रिनिट्रॉन असल्याची खूण. आत बारीक उभ्या पट्ट्यांची जाळी ताणून बसवलेली असते. ती थरथरू नये म्हणून तिच्यावरून आडव्या तारा घालतात, त्यांची सावली ती. १९९४ सालीही होती, तुमच्या काळ्या पडद्यावर दिसली नसेल.

---

तांब्याची_तार | ९:४०

वरच्या ओळी वाकतात त्या एक्सऑरमुळे. उभ्या सिंकच्या काळात आडव्या सिंकची कड थोडी सरकते आणि मॉनिटरला परत लय पकडायला काही ओळी लागतात. उभ्या सिंकनंतरच्या मोकळ्या ओळी वाढवून बघा. ९०२ चे ९०१ आणि ९०६ चे ९०४ करा, ९३७ तसाच ठेवा. तेवढ्या जास्त ओळी त्याला सावरायला मिळतील.

---

इनिटराम | ९:५२

आणि चित्र उजवीकडे आणायला सिंक लवकर सुरू करा: ११९२ चे ११७६, १३२० चे १३०४. एकूण १५०४ ला हात लावायचा नाही, म्हणजे वारंवारता जशीच्या तशी. एका वेळी आठ-आठ पिक्सेल सरकवा. एक्स वापरत असाल तर आधी एक्सरँडआरने करून बघा, जमलं की एडिडमध्ये लिहा.

---

रेघोटी | ११:०५

११६८ आणि १२९६ वर चित्र बरोबर मध्यावर आलं. वरच्या दोन ओळी अजून हलतात, तिथे पॅनल ठेवलं आहे, चालतंय.

आत्ता आमच्या वाडीमागचा ओढा काढतेय. काळ्यावर हिरवी रेघ.

---

मध्यमलहरी | ११:०९

ताई, त्या पडद्याचा एक फोटो टाका ना. आणि कॅमेऱ्याचा शटर १/३० ठेवा, नाहीतर अर्धा पडदा काळा येईल.